तरवडाची पाटी: कॅशिया लिहू की सेन्ना?

माळावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव सांगोला तालुक्यात, जिल्हा सोलापूर. गावच्या शाळेच्या आवारात आणि कुंपणालगत जी झाडं-झुडपं आहेत, त्यांना नावाच्या पाट्या लावायचं काम पाचवी ते सातवीच्या मुलांनी हाती घेतलंय. मी त्यांना मदत करते. कडुनिंब, बोर, हिवर, बाभूळ, लिंब झाले. पत्रे कापून झालेत, पेंटर रंगाचे डबे घेऊन तयार आहे आणि घोडं अडलंय तरवडापाशी.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. तरवड म्हणजे कमरेपासून डोक्याइतकं उंच होणारं झुडूप. खोड तांबूस तपकिरी. पानाच्या एकेका दांड्याला आठ ते बारा जोड्या बारीक पर्णिका. फुलं हळदीसारखी पिवळीधमक, फांदीच्या शेंड्याला झुबक्यानं येणारी. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्या की वाऱ्यावर खुळखुळतात. मुरमाड जमीन, पाण्याचा पत्ता नाही, अशा जागी हे मजेत उभं असतं. शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाही, म्हणून दुष्काळातही माळावर हिरवं दिसतं ते हेच. आमच्याकडे नवरात्रात घटावर सोडायची माळ तरवडाच्या फुलांची असते. पहाटे परडी घेऊन माळावर जायचं आणि दव असतानाच फुलं खुडायची, हे मी परकर नेसत होते तेव्हापासून करत आलेय.

आता अडचण. मराठी नावाखाली शास्त्रीय नाव लिहायचं असं मुलांनी ठरवलं. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात 'कॅशिया ऑरिक्युलाटा' आहे, म्हणून मी तेच कागदावर लिहून दिलं. शाळा बघायला आलेले एक पाहुणे म्हणाले, हे चूक आहे, आता 'सेन्ना ऑरिक्युलाटा' म्हणतात. रोपवाटिकेतून आणलेल्या दुसऱ्या एका झुडपाच्या चिठ्ठीवर नुसतंच 'कॅशिया' होतं आणि ते तरवड नव्हतंच. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हणजे झाडाचं खरं नाव कोणतं? आणि बदललं कुणी?" मला उत्तर देता आलं नाही. तिला पटेल असं उत्तर हवंय. नुसतं बरोबर नाव सांगू नका, का ते सांगा.

कासराभर_दिवस

तरवड लिहा. ज्याला ओळखायचंय तो ओळखेल. लॅटिन नावानं आमच्या बांधावरच्या एकाही माणसाला झाड कळणार नाही.

माळावरची

दादा, मराठी नाव वर आणि मोठ्या अक्षरातच आहे. पण मुलांना दोन्ही हवीत, आणि मलाही.

पानगळ

चांगला धागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. थोडं लांबेल, पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देणं तिच्यावर अन्याय होईल.

आधी निकाल: 'सेन्ना ऑरिक्युलाटा' लिहा. आता कारण.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५३ साली वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली. फुलझाडांची आजची नावं त्या सालापासून मोजतात, त्याआधीची नावं धरत नाहीत. तरवडाला त्यानं 'कॅशिया ऑरिक्युलाटा' म्हटलं. त्याच्याही आधी तूर्नफोर हा फ्रेंच शास्त्रज्ञ होऊन गेला. तो 'कॅशिया' आणि 'सेन्ना' ही दोन वेगवेगळी घराणी मानायचा: बहाव्यासारखी लांब नळकांडी शेंग असलेली ती कॅशिया, सोनामुखीसारखी चपटी शेंग असलेली ती सेन्ना. लिनियसनं दोन्ही एकत्र करून सगळ्यांवर कॅशियाचा शिक्का मारला. पुढच्याच वर्षी, १७५४ साली, फिलिप मिलर या इंग्रज बागायतज्ज्ञानं सेन्ना पुन्हा वेगळी काढली. म्हणजे हा वाद आजचा नाही, सुरुवातीपासूनचाच आहे.

तरवडाला सेन्नात नेलं ते विल्यम रॉक्सबर्गनं. हा माणूस आपल्याकडे राहून, झाडं डोळ्यांनी बघून लिहिणारा. कलकत्त्याच्या बागेत येण्यापूर्वी बरीच वर्षं तो आंध्रात सामलकोटला होता. तिकडच्या कोरड्या माळांवर तरवडाची काय कमी? त्याचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ मात्र त्याच्या हयातीत पूर्ण छापून आला नाही. तो १८१५ साली वारला, आणि संपूर्ण ग्रंथ १८३२ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरीनं बाहेर काढला. म्हणून 'सेन्ना ऑरिक्युलाटा' या नावाचं साल १८३२ धरतात.

आपल्या लोकांसाठी इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा केरी म्हणजे ज्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी कोश छापला, तोच. तरवडाचं आजचं नाव आणि आपल्या भाषेचं एक जुनं छापील व्याकरण एकाच माणसाच्या हातून कागदावर आलं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि मी ती सगळी दहा मिनिटं फळ्यासमोर नुसता उभा होतो.

सोलापुरी_चादर

सर, फार सुंदर. केरीचं माहीत नव्हतं.

मी सोलापूरची, सध्या हैदराबादला. इथे तरवडाला 'तंगेडु' म्हणतात आणि हे तेलंगणाचं राज्यफूल आहे. बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या दिवसांत सगळा बाजार पिवळा होतो. ताटात फुलांचे थर रचून उतरंड करतात. तंगेडु त्यात लागतोच लागतो, शेजारी कोंबडा या फुलझाडाच्या जातीतली पांढरट गुलाबी 'गुनुगु' फुलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरांतही बतुकम्मा मांडतात, तो बघतच मी वाढले. म्हणजे त्याच आठवड्यात एका आळीत तरवड घटावर आणि पलीकडच्या आळीत बतुकम्मात. झाड तेच, देवीही तीच म्हणा ना.

चेन्नईकर

इकडे 'आवारम'. वाळवलेली फुलं वाण्याकडे पुड्यांत मिळतात, पाण्यात उकळून पितात. जुनी तमिळ म्हण आहे, तिचा अर्थ असा: आवारम फुललेला असताना कुणी मेलेलं पाहिलंय का? भोगीच्या दिवशी कडुनिंबाचा पाला आणि आवारमची फुलं एकत्र बांधून दारावर लावतात. श्रीलंकेत ह्यालाच 'रणवरा' म्हणतात, त्याचंही पेय करतात.

पानगळ

चेन्नईकर, उत्तम भर. संस्कृतात 'आवर्तकी', तमिळमध्ये 'आवारम', गुजरातीत 'आवळ', राजस्थानात 'आंवल'. आंवलची एक गोष्ट इतिहासवाल्यांना ठाऊक असेल. १५ व्या शतकात राव जोधा आणि राणा कुंभा यांच्यात मारवाड आणि मेवाडची हद्द ठरली, ती झाडांवरून: जिथे आंवल उगवतो तो मेवाड, जिथे बांवल, म्हणजे बाभूळ, तो मारवाड. दोन राज्यांनी विश्वास ठेवला तो झाडाच्या लोकनावावर, आणि ती ओळख सगळ्यांना पटणारी होती म्हणून ठेवला. कासराभर_दिवस, तुमच्या म्हणण्यातलं बळ मला मान्य आहे ते ह्यामुळेच.

कासराभर_दिवस

हे आवडलं सर. हद्दीचं आमच्या भावकीलाही सांगतो.

पण मग एक विचारतो. रॉक्सबर्गनं १८३२ ला सेन्ना म्हटलं, तर ताईंच्या जुन्या पुस्तकात कॅशिया कसं? मधे काय झालं?

पानगळ

नेमका प्रश्न. रॉक्सबर्गचं कुणी ऐकलं नाही. १८७१ साली बेंथम या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं कॅशियाचा जगभरचा आढावा घेतला आणि सगळं पुन्हा एकाच मोठ्या कॅशियात ठेवलं. आत तीन पोटविभाग पाडले, पण घराचं नाव एकच. त्याचा शब्द इतका वजनदार की ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींचे सगळे ग्रंथ त्याच वाटेनं गेले. थिओडोर कुक, जे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला, त्यातही कॅशियाच. आम्ही शिकलो, शिकवलं, परीक्षेत गुण दिले ते कॅशियालाच.

मग १९८२ साली न्यूयॉर्क वनस्पती उद्यानाचे अर्विन आणि बार्नेबी यांनी हजारो नमुने पाहून जुनं घर पुन्हा तीन वाटण्यांत विभागलं: कॅशिया, सेन्ना आणि कॅमेक्रिस्टा. तेव्हापासून हळूहळू सगळीकडे हीच वाटणी मान्य झाली. रॉक्सबर्गचं नाव दीडशे वर्षं कपाटात पडून होतं, ते उचलून पुन्हा वापरात आणलं. नवं काही बनवावं लागलं नाही. शास्त्रात संपूर्ण नाव लिहितात तेव्हा शेवटी कंसात लिनियसचा संक्षेप आणि कंसाबाहेर रॉक्सबर्गचा येतो. कंसातला तो पहिल्यांदा ओळखणारा, बाहेरचा तो योग्य घरात नेऊन बसवणारा. दोघांचाही मान राहतो, ही पद्धत मला फार आवडते.

गोधडी

वाचतेय. सर, पण वाटणी कशावरून केली? शेंगेवरून?

पानगळ

शेंग हे एक, पण भरवशाची खूण फुलात आहे आणि ती शाळेतल्या मुलांना हातात धरून बघता येते. म्हणून सविस्तर लिहितो.

बहाव्याचं एक फूल घ्या. आत दहा पुंकेसर असतात. त्यातले खालचे तीन बघा: लांबच लांब, आकड्यासारखे वळून वर आलेले, लांबूनही दिसतात. बाकीचे आखूड. हे वळणदार लांब तंतू ही खऱ्या कॅशियाची सही. म्हणून बहावा आजही 'कॅशिया फिस्टुला'च आहे, त्याचं नाव बदललं नाही. शेंग नळकांडी, हातभर लांब, आपोआप उकलत नाही, आत काळा चिकट गर.

आता तरवडाचं फूल. पुंकेसर इथेही दहाच. वरचे तीन बारीक आणि नापीक, खालचे मोठे. पण त्यांचे तंतू आखूड आणि जवळजवळ सरळ, तंतूच्या टोकाचा परागकोशच मोठा आणि वाकडा. ही सेन्नाची सही. शेंग चपटी.

तिसरी, कॅमेक्रिस्टा, बहुतेक बुटकी मंडळी. चाकसू त्यातली. फुलाच्या देठावर दोन बारीक खवल्या असतात आणि शेंग वाळली की तडकून पिळली जाते, बिया लांब उडतात.

आणखी एक फरक जमिनीखाली आहे. शेंगवर्गीय म्हटलं की मुळांवर गाठी आणि त्यात हवेतलं नत्र धरणारे जिवाणू, असं आपण धरून चालतो. कॅमेक्रिस्टाला गाठी येतात. कॅशिया आणि सेन्नाला येत नाहीत. म्हणजे वाटणी नुसती फुलाच्या आकारावर उभी नाही, झाडाच्या जगण्याच्या रीतीतही ती दिसते. नंतरच्या जनुकीय अभ्यासांतही हे तिन्ही गट वेगळेच राहिले.

कासराभर_दिवस

थांबा सर. तरवडाला गाठी नसतात? आमच्याकडे तरवडाचा पाला शेतात गाडतात ते काय उगाच?

पानगळ

उगाच नाही. हिरवा पाला कुजून जमिनीला जे द्यायचं ते देतोच, दक्षिणेत भातखाचरांत आवारमचा पाला पूर्वीपासून तुडवतात. फक्त ताग किंवा धैंचा जसा मुळांतून हवेचं नत्र धरतो, तसं तरवड करत नाही. शेजारच्या पिकाला त्यातून काही मिळेल अशी आशा धरू नका, पाला मात्र खुशाल गाडा.

चामडं_आणि_सुई

पहिल्यांदाच लिहितोय. तरवड दिसला आणि राहवलं नाही.

आम्ही ढोर समाजाचे. आज्जाच्या काळापर्यंत घरात कातडी कमावण्याचं काम होतं. मोटा, पखाली, चपलांचं तळ, सगळं. इंग्रजीत तरवडाच्या नावात 'टॅनर' म्हणजे कातडी कमावणारा आहे, हे मला मोठा झाल्यावर कळलं आणि अंगावर काटा आला. आपल्या कामाचं नाव झाडाला लागलंय.

काम कसं चालायचं ते लिहून ठेवतो, कारण आता बघायला मिळत नाही. कातडं आधी चुन्याच्या हौदात, केस सुटेपर्यंत. मग धुऊन, खरवडून, कडा शिवून त्याची पिशवी करायची. पिशवी तिकाटण्याला टांगायची आणि आत कुटलेली साल आणि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या घंगाळात पडायचं, ते उचलून पुन्हा वर ओतायचं. असं दिवसभर, कितीतरी दिवस. मग पिशवी उलटी करून दुसऱ्या बाजूनं तेच. साल बाभळीची, तरवडाची, जोडीला हिरडा. आज्जा सांगायचा, बाभळीनं कातडं लालसर आणि टणक होतं, तरवडानं रंग उजळ येतो आणि हाताला मऊ लागतं. साल कोवळ्या फांदीची चांगली. पावसाळ्यानंतर आज्जी आणि आत्या माळावरून भारे आणायच्या, ओल्या फांद्या ठेचून साल सोलायच्या. आत्याच्या बोटांची टोकं कायम तपकिरी असायची, हळदीच्या दिवशीसुद्धा ती पिवळी दिसली नाहीत असं आई सांगते.

ताई, पाटीवर जागा असेल तर 'सालीनं कातडी कमावत' एवढं लिहा.

माळावरची

दादा, लिहिणार. जागा करणार.

चेन्नईकर

चामडं_आणि_सुई, तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय. मद्रास इलाख्यातला कातड्याचा सगळा व्यापार एके काळी आवारमच्या सालीवर चालायचा. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल येऊ लागली आणि आवारम मागे पडला. वॅटलही बाभळीच्या गोतातलंच.

दुर्बीण

बाभळीचा विषय निघालाच आहे तर. बाभळीलाही आता 'अकेशिया' म्हणायचं नाही, 'व्हॅचेलिया' म्हणायचं. हे नाव बदलणं मला अजिबात पटलेलं नाही. २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मूळ नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, २०११ साली मेलबर्नला ते कायम झालं. ज्या आफ्रिकी-आशियाई काटेरी झाडांना हे नाव शतकानुशतकं होतं त्यांचंच काढून घेतलं. मग तरवडाचं नाव बदलणं तेवढं शास्त्रीय आणि हे तसं नाही, असं कसं?

पानगळ

दुर्बीण, तुमची तक्रार मला समजते आणि बाभळीपुरता मी तुमच्या बाजूचा आहे. पण दोन गोष्टी एकात गुंफू नका.

जुना अकेशिया गट एक नव्हता, तो फोडावा लागणारच होता, हे पुराव्यानं ठरलं. फोडल्यावर मूळ नाव कुठल्या तुकड्याकडे राहावं, हा मात्र सोयीचा आणि मताचा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियात त्या जाती संख्येनं खूपच जास्त, सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा आपली थोडी बदलावीत असा विचार जिंकला. त्याचं दुःख होणं स्वाभाविक आहे. तरवडाच्या बाबतीत असं काही झालंच नाही. कुणी मतदान केलं नाही, कुणाचं नाव काढून दुसऱ्याला दिलं नाही. बहाव्याकडे कॅशिया राहिलं, सोनामुखीकडे आणि तरवडाकडे सेन्ना आलं, जसं तूर्नफोर म्हणत होता तसंच.

दुर्बीण

हे मान्य. बाभळीचं मान्य नाही, पण तरवडाचं मान्य.

गावचा_दवाखाना

मी डॉक्टर आहे, ग्रामीण भागात काम करतो. आवारमची फुलं आणि साखरेचा आजार हा विषय कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो: सुरू असलेल्या गोळ्या बंद करून कुणीही तरवडाच्या काढ्यावर राहू नका. पाय गमावलेले लोक पाहिलेत मी.

दुसरं, त्याहून महत्त्वाचं. नावांची ही चर्चा कुणाला पुस्तकी वाटत असेल तर कासविंदा आठवा. तोही सेन्नाच, 'सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस'. पिवळी फुलं, गावाबाहेर उकिरड्याकाठी वाढतो. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षं पावसाळा संपता संपता लहान मुलं अचानक आजारी पडायची: उलट्या, बेशुद्धी, दोन-तीन दिवसांत मृत्यू. सगळे मेंदूज्वर समजत होते. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की ही मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा खात होती आणि त्याच्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदूवर घाला पडत होता. झाड ओळखलं गेलं तेव्हा आजार ओळखला गेला. शाळेच्या आवारात कासविंदा असेल तर त्याला पाटी नको, तो उपटा, आणि मुलांना त्याची शेंग ओळखायला शिकवा.

माळावरची

डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला. शाळेमागच्या नाल्याला पिवळ्या फुलांचं काहीतरी आहे. टाकळा आणि कासविंदा वेगळा कसा ओळखायचा, कुणी सांगेल का? टाकळ्याची भाजी आमच्याकडे पहिल्या पावसात होतेच.

पानगळ

टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या, आणि पर्णिका टोकाला रुंद, गोलसर. कासविंद्याच्या पर्णिका भाल्यासारख्या टोकदार, जोड्या तीन ते पाच. टाकळ्याची शेंग सुईसारखी बारीक, लांब आणि बाकदार. कासविंद्याची चपटसर, रुंद, कडेला फिकट पट्टा, जवळजवळ सरळ. पान चोळलं तर कासविंद्याला उग्र घाण वास. भाजीला टाकळा खुडायचा तो कोवळा, तीन जोड्या नीट मोजून, आणि खुडणाऱ्यांपैकी एक तरी जाणतं माणूस असावं.

टाकळ्यातही दोन जुळी भावंडं आहेत, 'सेन्ना टोरा' आणि 'सेन्ना ऑब्टुसिफोलिया', आणि पुस्तकांत दोघांची सरमिसळ झालेली आहे. शेंगेचा देठ आखूड तो टोरा, लांब तो दुसरा. तो धागा वेगळा काढू, इथे नको.

गोधडी

आणि 'ऑरिक्युलाटा' म्हणजे काय, हे राहिलं की.

पानगळ

बरं झालं आठवण केली. लॅटिनमध्ये 'ऑरिक्युला' म्हणजे कानाची पाळी. तरवडाचं पान जिथे फांदीला चिकटतं तिथे दोन्ही बाजूंना बघा. उपपर्णं आहेत, मोठी, गोलसर, पानासारखी हिरवी, हुबेहूब छोट्या कानांसारखी. बाकीच्या बऱ्याच जातींत ती बारीक असतात आणि लवकर गळतात, तरवडात टिकून राहतात. फूल नसलं, शेंग नसली, तरी ह्या कानांवरून तरवड ओळखता येतो. लिनियसनं दिलेला हा अर्धा भाग १७५३ पासून तसाच आहे. घर कॅशिया झालं, सेन्ना झालं, पुन्हा कॅशिया, पुन्हा सेन्ना, पण 'कान असलेली' हे कुणी बदललं नाही. दोन्ही नावं व्याकरणानं स्त्रीलिंगी असल्यामुळे शेवटचं अक्षरसुद्धा बदलावं लागलं नाही.

ताई, त्या मुलीला सांगा: शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द म्हणजे झाडाचं स्वतःचं नाव आणि पहिला म्हणजे आडनाव. आडनाव कुठलं यावर मोठी माणसं भांडली.

माळावरची

सर, आज सकाळी तिलाच घेऊन गेले होते, आणखी सात-आठ मुलं होती. कान पहिल्यांदा तिलाच दिसले. आयुष्यभर मी ह्या झाडाची फुलं खुडली, पण फांदी कधी वळवून बघितली नव्हती. मुलांनी फूल उघडून पुंकेसर मोजले, दहा भरले, वरचे तीन खुरटे.

आणि एक बघितलं ते विचारायचंय. मोठा काळा भुंगा फुलावर आला, खालच्या पुंकेसरांना मिठी मारून बसला आणि एकदम आवाज बदलला. उडतानाचा घूं नाही, बारीक, वरच्या पट्टीतला, तुटक तुटक. तेवढ्यात त्याच्या पोटावर पिवळी पूड. मुलं म्हणाली, बाई, तो फुलाला गुदगुल्या करतोय. हे काय होतं?

पानगळ

मुलांनी फार मोठी गोष्ट पाहिली! तरवडाच्या फुलात मध नसतो, भुंगा येतो तो परागांसाठी. पण परागकोश उभा चिरत नाही, टोकाला फक्त बारीक भोक असतं, मिठाच्या डबीसारखं. भुंगा पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, त्या थरथरीनं पराग भोकातून उडतात. तो वेगळा आवाज त्या थरथरीचा. काही पूड भुंग्याच्या खाण्याला जाते, काही त्याच्या अंगावर अशा जागी बसते की पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसराला लागेल.

उद्या पुन्हा गेलात तर स्त्रीकेसर बघा. काही फुलांत तो डावीकडे वाकलेला असतो, काहींत उजवीकडे. मुलांना मोजायला सांगा.

कासराभर_दिवस

मी सुरुवातीला तोडून बोललो होतो, दोन्ही नावं लिहा. आमच्या बांधावर तरवड आहे, उद्या कान बघणार.

सोलापुरी_चादर

पाटीचा मजकूर इथे टाका ताई, मी तेलुगू नावाचं लेखन तपासून देते.

माळावरची

मुलांनी ठरवलेला मजकूर हा:

तरवड
सेन्ना ऑरिक्युलाटा
(जुन्या पुस्तकांत: कॅशिया ऑरिक्युलाटा)
तेलुगू: तंगेडु. तमिळ: आवारम. गुजराती: आवळ.
नवरात्रात घटाला ह्याची माळ. सालीनं कातडी कमावत.
पानाच्या बुडाशी दोन कान शोधा.

शेवटची ओळ त्या मुलीची. जुनं नाव ठेवायचं हा आग्रहही तिचाच, म्हणाली नाहीतर बाईंचं पुस्तक वाचणाऱ्याला झाड सापडणार नाही. पत्रा मोठा कापावा लागला, पेंटरनं कुरकुर न करता कापून दिला.

नाल्याकाठचं झुडूप कासविंदाच निघालं. टोकदार पानं, उग्र वास, शेंगेला फिकट कड, सगळं जुळलं. ग्रामपंचायतीच्या माणसांनी काल मुळासकट काढलं, शेंगा गोळा करून जाळल्या. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

डावे-उजवे मोजले: चाळीस फुलांत बावीस डावीकडे, अठरा उजवीकडे.

आता बहाव्याची पाटी राहिली. ते तीन वळलेले पुंकेसर स्वतः पाहिल्याशिवाय कॅशिया लिहायचं नाही असं मुलं म्हणतायत, म्हणून तो पत्रा चैत्र-वैशाखापर्यंत कोरा ठेवलाय.